चित्र पालथं करून बघा

आमचं फ्रेमचं दुकान कोल्हापुरात महाद्वार रोडच्या पाठीमागच्या बोळात आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. हे आत पट्ट्या कापत बसतात आणि मी काउंटरवर कादंबरी उघडते. गेली सात-आठ वर्षं मला एकाच जातीच्या कादंबऱ्यांचं वेड लागलंय. एक चित्र असतं आणि त्याच्याभोवती दोन गोष्टी चालतात. एक युद्धातली: बूट वाजत येतायत आणि कुणीतरी घाईघाईनं ते चित्र भिंतीवरून उतरवतंय. दुसरी साठ-सत्तर वर्षांनंतरची: तेच चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात सुखानं लटकतंय आणि एक दिवस वकिलाचं पत्र येतं. एक प्रकरण तिकडचं, एक इकडचं. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा ढीग आहे, काहींचे मराठी अनुवादही मिळतात.

आमच्या भिशीतल्या दोघींना मी अशी पुस्तकं वाचायला दिली. एकीनं चाळीस पानांत परत केलं. "अगं सारखं इकडून तिकडं उड्या मारतंय, डोकं भंजाळलं माझं." दुसरीनं नुसती युद्धाची प्रकरणं वाचली, आजची सगळी गाळली, आणि वर मलाच म्हणाली, "शेवट काही कळला नाही बाई." दोघींना जे तोंडी सांगितलं तेच इथं लिहिते. मी साहित्याची अभ्यासक नाही. पण तीस वर्षं चित्रं, देवांच्या तसबिरी, डिग्र्यांची सर्टिफिकिटं आणि गेलेल्या माणसांचे फोटो उलटे-सुलटे करण्यात गेलीत, त्यातून जे सुचलं ते हे.

आधी चित्राचं माप घ्या. हसू नका. पहिल्या तीस-चाळीस पानांत लेखिका कुठंतरी सांगतेच, चित्र केवढं आहे. तिथं पेन्सिलीनं खूण करा. मग जुनं वर्तमानपत्र घ्या, तेवढ्या मापाचं कापा आणि तुम्ही वाचायला बसता तिथं समोर भिंतीवर चिकटवा. सगळी कथा या मापावर चालते म्हणून हे सांगते. डच चित्रकार व्हर्मीरचं 'खगोलशास्त्रज्ञ' हे खरं चित्र घ्या, १६६८ सालचं. ५१ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे देवघरावरच्या जरा मोठ्या तसबिरीएवढं. ते काखेत मारून जिना उतरता येतो. ऑस्ट्रियाच्या क्लिम्टनं १९०७ मध्ये पुरं केलेलं आडेल ब्लॉख-बाउअर या बाईचं सोनेरी चित्र १३८ बाय १३८, चक्क चौरस. ते रिक्षातसुद्धा बसणार नाही, गादीखाली तर सोडाच. आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं जेरिकोचं तराफ्याचं चित्र, जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद! १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर लूव्र रिकामं केलं तेव्हा ते गुंडाळताही येईना, म्हणून नाटकाचे पडदे वाहून नेणाऱ्या ट्रकवर उभं करून काढलं, आणि व्हर्सायमध्ये ते रस्त्यावरच्या विजेच्या तारांत अडकलं. आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत तारा बांबूनं वर उचलणारी पोरं असतात, तशी तिथं कुणी नव्हती बहुतेक.

भिंतीवरच्या त्या कागदाकडं बघत वाचलं, की नायिका चित्र लपवते त्या प्रसंगात तुमचा जीव खालीवर होतो. नाहीतर नुसतं "तिनं चित्र लपवलं" एवढंच डोळ्यांखालून जातं.

याच ठिकाणी लेखिकेची परीक्षाही होते. कादंबऱ्यांत चौकटीतून कॅनव्हास कापून त्याची छत्रीएवढी सुरळी करण्याची फार हौस. जुना तैलरंग वाळून कडक झालेला असतो, पापडासारखा. बारीक सुरळी केली, आणि तीही रंग आत ठेवून, तर उलगडताना भेगा पडून पापुद्रे सुटणार. गुंडाळायचंच झालं तर जाड नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. ज्या पुस्तकात सुरळी उलगडल्यावर चित्र जसंच्या तसं निघतं, त्या लेखिकेनं एकाही फ्रेमवाल्याला विचारलेलं नाही, एवढं समजावं. तरी पुढं वाचावं. माणसं चांगली लिहिली असतील तर मी सुरळी माफ करते.

आता उड्यांचं. त्यावर माझा उपाय दोन खुणांचा. दुकानात माउंटबोर्डाची कातरणं चिक्कार पडतात. एक खाकी पट्टी युद्धासाठी, एक क्रीम आजच्यासाठी. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर साल आणि गाव असतं, ते त्या-त्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहीत जायचं. आणि महत्त्वाचं: तीस पानांनी तुम्ही युद्धात परत गेलात, की लगेच पुढं वाचू नका. खाकी पट्टी जिथं ठेवली होती तिथला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि मगच नवं प्रकरण. मालिका 'मागील भागात' दाखवतात तसंच. अर्धं मिनिट जातं, पण डोकं भंजाळत नाही. माझ्या मैत्रिणीची सगळी अडचण एवढ्यानं सुटली.

एक काळ आधी आणि दुसरा नंतर, असं वाचायचा मोह होतो. मी स्वतः एकदा केलंय. युद्धाची सगळी प्रकरणं सलग वाचली, रात्री दोनपर्यंत जागले, आणि सकाळी आजची प्रकरणं उघडली तर ती शिळ्या भातासारखी. का, ते नंतर कळलं. या कादंबरीतली भीती दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत असते. आजच्या प्रकरणात चित्र साध्या लाकडी पट्टीत बसवलेलं दिसतं. पुढच्या प्रकरणात, १९४० मध्ये, तेच चित्र जाड सोनेरी कोरीव चौकटीत दिमाखात उभं. घरातली बाई त्या चौकटीवरची धूळ पुसतेय. तिला माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे की ही चौकट जाणार. कशी जाणार, कोण तोडणार, चुलीत जाईल का? ती पुसत राहते आणि आपल्या पोटात गोळा येतो. सलग वाचलं की हा गोळा येत नाही.

आता खरं सांगायचं तर आजचा धागा बहुतेक पुस्तकांत जरा पातळच असतो. एकटी पडलेली बाई, देखणा वकील, कॉफी, पाऊस. तिथं मी भराभर वाचते, त्यात पाप नाही. मात्र तीन ठिकाणी गाडी हळू करायची: जिथं चित्राचं वर्णन पुन्हा येतं, जिथं जुना कागद सापडतो, आणि जिथं एखादं ऐंशी-नव्वदीचं माणूस बोलायला लागतं. म्हातारी माणसं या कादंबऱ्यांत कधीही उगीच बोलत नाहीत.

माझी सगळ्यात आवडती युक्ती मात्र पुढची आहे, आणि ती सरळ दुकानातून आलीय. आमच्याकडं कुणी जुनं चित्र आणलं की हे आधी ते पालथं करतात. पुढं काय काढलंय ते गिऱ्हाईक सांगतंच. मागं काय घडलंय ते चित्र सांगतं. कुठल्या दुकानाची चिठ्ठी, कितव्यांदा खिळे मारलेत, ओल कुठून चढली, पुठ्ठा कोणत्या सालच्या पंचांगाचा लावलाय. संग्रहालयवाले मालकीच्या या मागाला प्रोव्हेनन्स म्हणतात. मी सातबारा म्हणते. जमिनीच्या सातबाऱ्यामागं फेरफार असतात ना, खरेदी, बक्षीसपत्र, वारसनोंद, जप्ती? अगदी तेच. वहीच्या शेवटच्या पानावर पुस्तकातल्या चित्राचा सातबारा काढायचा. कुणाकडं, कधीपासून, कसं आलं. कळेल तसं भरत जायचं, कळलं नाही तिथं जागा मोकळी सोडायची. १९३३ ते १९४५ या हिटलरच्या बारा वर्षांत जागा मोकळी राहिली तर तिच्याभोवती गोल करायचा. खरे संशोधकही पहिलं बोट तिथंच ठेवतात.

आणि पाठ किती बोलते बघा. ते व्हर्मीरचं चित्र पॅरिसमधल्या रॉथशिल्ड या श्रीमंत ज्यू घराण्याचं. जर्मनांनी १९४० मध्ये उचललं, हिटलरला ऑस्ट्रियातल्या लिंझ गावात काढायचं होतं त्या संग्रहालयासाठी. त्या चित्राच्या पाठीवर छोटा काळा नाझी शिक्का आहे. आपल्या उंबऱ्यावर हळदी-कुंकवानं काढतो ते स्वस्तिक आणि हा शिक्का यांत किती अंतर, ते तो पाहिल्यावरच कळतं. लुटलेल्या प्रत्येक संग्रहाला त्या लोकांनी अक्षरं दिली होती. रॉथशिल्डांच्या वस्तूंवर 'आर' आणि पुढं आकडा, आमच्या पावतीबुकासारखं. लूटसुद्धा इतकी व्यवस्थित, की अंगावर काटा येतो. पण त्याच व्यवस्थितपणामुळं पुढं माग लागला, हेही खरंच.

माग लावणाऱ्यांत माझं दैवत म्हणजे रोझ व्हालाँ. पॅरिसच्या झ द पोम संग्रहालयात नाझींनी लुटीच्या चित्रांचं गोदाम केलं होतं आणि ही साधी दिसणारी बाई तिथंच कामाला होती. तिला जर्मन कळतं याचा तिनं कुणाला सुगावा लागू दिला नाही. चार वर्षं ती ऐकत राहिली आणि कुठली पेटी कुठं गेली ते गुपचूप लिहीत राहिली. हिटलरचा उजवा हात गोअरिंग स्वतः चित्रं निवडायला यायचा, तेही तिच्या डोळ्यांदेखत. युद्ध संपत आलं तेव्हा तिच्या नोंदींवरून अमेरिकन अधिकाऱ्यांना लूट लपवलेल्या, जर्मनीतल्या बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचा पत्ता मिळाला. कादंबरीत एखादी गप्प, चष्मेवाली, रजिस्टर लिहिणारी बाई दिसली की तिच्याकडं दुर्लक्ष करू नका.

थोडा इतिहास पाठीशी असावा, पण थोडाच. मी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पाच-सहा तारखा लिहून ठेवते. मार्च १९३८, ऑस्ट्रिया जर्मनीनं गिळलं. सप्टेंबर १९३९, युद्ध सुरू. जून १९४०, पॅरिस पडलं. ऑगस्ट १९४४, पॅरिस सुटलं. मे १९४५, युरोपात युद्ध संपलं. कथा पहिल्या महायुद्धाची असेल तर उत्तर फ्रान्समधलं लिल शहर ऑक्टोबर १९१४ ते ऑक्टोबर १९१८ जर्मनांच्या ताब्यात होतं, एवढं पुरे. मग प्रकरणावर 'मे १९४०, पॅरिस' दिसलं आणि नायिका नवी टोपी विकत घेत असली, की तुम्हाला कुणी काही सांगावं लागत नाही.

घड्याळांकडंही लक्ष ठेवा. जर्मन आले की जिंकलेल्या गावातली घड्याळं बर्लिनच्या वेळेवर लावायचे, दोन्ही युद्धांत. १९४० मध्ये पॅरिसची घड्याळं अशी पुढं सरकली आणि फ्रान्स आजही त्याच पट्ट्यातली वेळ पाळतो. एखाद्या पात्रानं घरातलं एक घड्याळ हट्टानं जुन्या वेळेवर ठेवलं असेल, तर ते नुसतं घड्याळ नसतं.

बाकी इंटरनेटवर शोधाशोध पुस्तक संपल्यावर. मधेच चित्रकाराचं नाव टाकून बघितलंत तर एक तर तो काल्पनिक निघतो आणि हिरमोड होतो, नाहीतर तिसऱ्याच ओळीत कुणीतरी शेवट सांगून टाकलेला असतो. लेखिकेचं मनोगतही शेवटीच वाचा, ते छापलं पुढं असलं तरी.

आता कोर्ट. बहुतेक कादंबऱ्या शेवटी कोर्टात जातात, आणि तिथं वाचकांची फाळणी होते. भिशीत तर भांडणंच. "तिनं पैसे देऊन घेतलंय, ती का सोडेल?" "अगं पण ज्यांचं लुटलं त्यांचं काय?" माझा सल्ला, शंभरेक पानं कुणाचीच बाजू घेऊ नका. सातबारा भरा. त्याची तालीम म्हणून त्या सोनेरी चित्राचा खरा सातबारा वाचा.

आडेल १९२५ मध्ये वारली. मृत्युपत्रात तिनं लिहिलं होतं, नवऱ्यानं त्याच्यामागं ही चित्रं ऑस्ट्रियाच्या सरकारी संग्रहालयाला द्यावीत अशी विनंती आहे. नवरा फर्डिनांड साखर कारखानदार, ज्यू. १९३८ मध्ये त्याला जीव घेऊन पळावं लागलं, मालमत्ता गेली. १९४१ मध्ये चित्र व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर संग्रहालयात पोचलं. फर्डिनांड १९४५ मध्ये झुरिकला वारला आणि जे काही परत मिळेल ते पुतण्या-पुतणींच्या नावे करून गेला. पन्नास वर्षं संग्रहालय म्हणत राहिलं, बाईंच्या मृत्युपत्रानुसार चित्र आमचं. १९९८ मध्ये ऑस्ट्रियात लुटीची चित्रं परत करायचा कायदा आला आणि फायली उघडल्या. पुतणी मारिया आल्टमन तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये, ऐंशी उलटलेली. ऑस्ट्रियात दावा लावायचा तर चित्राच्या किमतीच्या प्रमाणात कोर्ट फी, तीच परवडेना. म्हणून ती अमेरिकेत भांडली. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दावा चालेल. शेवटी जानेवारी २००६ मध्ये व्हिएन्नातल्याच लवादानं निकाल दिला: चित्राचा मालक फर्डिनांड होता, आडेलचे शब्द ही विनंती होती, बंधन नव्हतं. त्या एका 'विनंती' शब्दावर सगळं फिरलं! त्याच वर्षी ते चित्र साडेतेरा कोटी डॉलरना विकलं गेल्याच्या बातम्या आल्या, आणि आता ते न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीत असतं.

हा निकाल लोकांना पाठ झालाय, म्हणून कादंबरीतही तसाच शेवट होणार असं धरून चालू नका. ऑस्ट्रियाच्याच एगॉन शिलेनं काढलेल्या 'वाली' नावाच्या बाईच्या चित्राचं उलटं झालं. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला आलं असताना ते नाझी लुटीतलं म्हणून अडवलं गेलं, बारा वर्षं खटला चालला आणि २०१० मध्ये तडजोड झाली. मूळ मालकिणीच्या वारसांना एक कोटी नव्वद लाख डॉलर मिळाले, चित्र व्हिएन्नाला परत गेलं. भाऊबंदकीच्या जमिनीत एक जण पैसे घेऊन सही करतो तसं. आणि काही चित्रं मिळतच नाहीत. पोलंडच्या क्राकोव्हमधलं राफाएलनं काढलेलं एका तरुणाचं चित्र १९४५ पासून बेपत्ता आहे, ते आजतागायत.

पोलंडवरून आठवलं. आपण कोल्हापूरकर गांधीनगरला साड्या आणि टॉवेल घ्यायला जातो. तिथं, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि त्या जागी फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं वसली. आमच्या सासूबाई लहानपणी पाहिलेल्या, पांढऱ्या फ्रॉकातल्या गोऱ्या मुलींचं सांगायच्या. आम्ही "हो का?" म्हणून भाकऱ्या थापत बसायचो. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा खांब आहे, मी त्याच्या शेजारी बसून कितीतरी वेळा भेळ खाल्लीय, पण वाचला पहिल्यांदा तो या कादंबऱ्यांचा नाद लागल्यावर. तुमच्या गावात असं काही असेलच. पुस्तक अर्धं झालं की एकदा तिथं जाऊन या. युद्धाची प्रकरणं परत उघडाल तेव्हा गावांची नावं परकी वाटणार नाहीत.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो रिकाम्या चौकटींचा आहे. १९४१ मध्ये लेनिनग्राडला वेढा पडायच्या आत हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं आगगाड्यांनी उरल पर्वतापलीकडं नेली. चौकटी मात्र भिंतींवर तशाच ठेवल्या, परतल्यावर कुठलं चित्र कुठं ते कळावं म्हणून. वेढ्यात, थंडीत, उपासमारीत तिथल्या एका मार्गदर्शकानं मदतीला आलेल्या तरुण सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींसमोर उभं करून सगळी चित्रं तोंडी दाखवली. हा कोपरा बघा, इथं हात असा आहे, इथं उजेड पडतो. हे मी यांना वाचून दाखवलं तर हे कापायचं यंत्र बंद करून बाहेर आले आणि म्हणाले, "परत वाच."

म्हणून पुस्तक संपलं की मी एक करते. पहिली खूण केलेलं पान उघडते, तिथलं चित्राचं वर्णन पुन्हा वाचते आणि भिंतीवरच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात ते बसवून बघते. मग कागद काढून टाकते.

आमच्या माळ्यावर २००१ पासून एक तैलचित्र पडून आहे. नऊवारीतली बाई, गुडघ्यावर हात. फ्रेम करायला टाकून गिऱ्हाईक आलंच नाही, पावतीवर 'बाकी ४० रु.' तेवढं आहे. परवा धूळ झटकायला उतरवलं होतं, तेवढ्यात भिशीतली ती मैत्रीण आली, चाळीस पानांत पुस्तक परत करणारी. बाईचा चेहरा चांगला आहे, कुणीही आधी तोच बघेल. तिनं चित्र उचललं आणि पालथं केलं. आमच्या चिठ्ठीखाली आणखी एक जुनी चिठ्ठी आहे, वाळवीनं अर्धी खाल्लेली. ती तिनं उजेडात धरली.

"'मिर' एवढंच दिसतंय गं," ती म्हणाली. "मिरज असेल का?"